ड्राय फायरिंग (नेमबाजी)

ड्राय फायरिंग ही नेमबाजीतील एक सरावपद्धती आहे. रायफल किंवा पिस्तूल रिकामे ठेवून पवित्रा घेणे, नेम धरणे व चाप ओढणे या क्रिया सामन्यातल्याप्रमाणेच करणे, परंतु गोळी न झाडणे, असे तिचे स्वरूप आहे. गोल्फचा खेळाडू घरातील सतरंजीवर पटिंगचा सराव करतो. त्याच जातीचा हा एकट्याने, घरच्या घरी करता येणारा सराव होय.

प्रयोजन

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर ५० मीटर रायफलसाठी हेच वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. एवढ्या सूक्ष्म खेळात नेम चुकण्याचे मूळ बहुधा डोळ्यात नसून हातात असते. बार होणार या अपेक्षेने बोटे आवळली जातात, खांदा ताठरतो आणि नळी किंचित सरकते. प्रत्यक्ष गोळीबारात आवाज व धक्का हा दोष झाकून टाकतात. शिवाय गोळी सुटताक्षणी लक्ष गुणांकडे धावते. रिकाम्या शस्त्राचा चाप ओढताना मात्र माशी हलली तर ती हललेली स्पष्ट दिसते. काडतूस एकदाच वापरता येते आणि रेंजवरील वेळही मोजकाच मिळतो. त्यामुळे साधारण परिस्थितीतील खेळाडूला हा सराव विशेष आधाराचा ठरतो.

पद्धत

सरावापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करणे व काडतुसे त्या खोलीतून बाहेर ठेवणे अनिवार्य आहे. शस्त्र रिकामे असले तरी ते माणसाकडे कधीही रोखू नये.

प्रथम पवित्रा तपासतात. नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत व डोळे उघडावेत. माशी लक्ष्यावरून ढळलेली दिसल्यास हाताच्या जोराने ती परत आणू नये. पावले किंवा संपूर्ण शरीर थोडे वळवून घ्यावे. स्नायूंनी ओढून आणलेला नेम चाप ओढताना पुन्हा मूळ जागी जातो. नवशिक्यांचा बराचसा काळ या एकाच गोष्टीत जातो आणि तो जायलाच हवा.

त्यानंतर श्वास सोडून स्वाभाविक विराम येताच चापावरील दाब सरळ मागे, एकसारखा वाढवतात. काही सेकंदांत चाप सुटला नाही, तर शस्त्र खाली घेऊन पुन्हा आरंभ करावा. असा नेम सोडून देणे हे अपयश नव्हे, उलट ते शिकण्याजोगे कौशल्य आहे. खटका वाजल्यावरही एक-दोन सेकंद स्थिर राहून त्या क्षणी माशी नेमकी कोठे होती हे मनाशी सांगावे आणि वहीत नोंदवावे. काही वेळा लक्ष्याऐवजी कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर सराव करतात. तेथे गुणांचा मोह नसल्याने दृष्टी माशीवरच राहते.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातील जलद टप्प्यात हात ४५ अंशांत खाली ठेवावा लागतो व लक्ष्य खुले झाल्यावर ३ सेकंदांत एक गोळी झाडायची असते. हात उचलण्याची ही लय घड्याळ लावून गोळीविना पुष्कळ वेळा गिरवता येते.

कोल्हापूर आणि नेमबाजी

तालमींच्या या शहराला मेहनतीची कल्पना नवी नाही. खासबागेतील कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते, पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचे जोर-बैठका असतात. नेमबाजीतही कोल्हापूरने मोठी परंपरा उभी केली. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. ६० गोळ्यांत त्यांनी केवळ तीन गुण गमावले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक दोनदा शूट-ऑफ खेळून जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून अशा तीन पवित्र्यांत एकाच अंतिम फेरीत नेम साधायचा असल्याने या प्रकारात पवित्रा बदलण्याचा सरावही तितकाच मोलाचा असतो.

मर्यादा

ड्राय फायरिंगमध्ये शस्त्राचा धक्का नसतो, ५० मीटरवरील वाऱ्याचा अंदाजही शिकता येत नाही. चुकीचा पवित्रा रोज गिरवल्यास तीच चूक पक्की होते; म्हणून अधूनमधून प्रशिक्षकाची नजर आवश्यक असते. पॉइंट २२ रायफलमध्ये रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्यास फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून इजा होऊ शकते, म्हणून त्यात झाडलेल्या काडतुसाचे रिकामे टरफल किंवा बनावट काडतूस ठेवतात. स्पर्धेच्या एअर रायफलींमध्ये या सरावासाठी वेगळी सोय असते. तीत हवा न सुटता केवळ चापाची क्रिया होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ड्राय फायरिंगला परवानगी असली, तरी ते फायरिंग लाइनवर किंवा नेमून दिलेल्या जागेतच करावे लागते.