बंपर बसेना, डिफरेन्शियल ओरडतंय: ऑर्डर घेण्याआधी गाडी ओळखा



हा लेख खास स्पेअर पार्टचं दुकान, गॅरेज किंवा अ‍ॅक्सेसरीज चालवणाऱ्या आपल्या मित्रांसाठी आहे. मग तुमचं दुकान परभणीत असो, जिंतूर-सेलूला असो, नाहीतर गंगाखेड-पाथरीला.

स्पोर्ट्स कूपे म्हणजे दोन दारांची, वेगासाठी बनवलेली बसकी गाडी. ती आपल्याकडे क्वचितच दिसते. पण हौस काही कमी नाही. एमएच २२ नंबरच्या थार बघा. दोन दारं, पुढे मोठा बंपर, रुंद टायर, आणि मालक विचारतो, "भाऊ, याला लॉकर बसेल का? मागून दुसरा बंपर लागेल का?" प्रश्न तोच, फक्त गाडी वेगळी.

आणि इथेच दुकानदाराचा पैसा अडकतो. कसा, ते आधी आकड्यात बघू.

एक चुकीचा बंपर किती महाग पडतो?

समजा, तुम्ही ८,००० रुपयांना बंपर मागवला आणि ९,५०० ला विकायचं ठरवलं. नफा १,५०० रुपये. ट्रान्सपोर्टचे ६०० गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायचे ठरले. माल आला, तुम्ही २,५०० रुपये देऊन रंग मारून घेतला, आणि बसवताना कळलं की होल जुळत नाहीत. रंगवलेला माल होलसेलवाला परत घेत नाही, आणि न बसलेल्या बंपरचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. आता बेरीज करा: ८,००० + ६०० + २,५०० = ११,१०० रुपये. हे भरून काढायला असे आठ बंपर बरोबर विकावे लागतील!

म्हणून पहिला नियम वहीत लिहा: आधी ट्रायल फिटिंग, मग रंग. आणि त्याच्याही आधीचा नियम: गाडी ओळखल्याशिवाय ऑर्डर नाही.

नाव एक, गाड्या वेगळ्या

गिऱ्हाईक म्हणतं, "थारचा बंपर पाहिजे." तुम्ही विचारायचं, "कोणती थार?"

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली थार ही आधीच्या थारपेक्षा पूर्ण नवी गाडी आहे. जुन्या सीआरडीईचा व्हीलबेस २,४३० मिमी, नवीचा २,४५०. फरक फक्त २० मिमीचा, पण बॉडी वेगळी, म्हणून पॅनल एकमेकांना लागत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये थार रॉक्स आली. ती पाच दारांची, तिचा व्हीलबेस २,८५० मिमी. आणि जानेवारी २०२३ मध्ये थारचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही आलं. म्हणजे गाडीवर 'थार' लिहिलंय म्हणून ती फोर बाय फोरच असेल, असं नाही.

आपल्या रोजच्या बोलेरोचंही तेच. जुनी २.५ लिटर इंजिनची बोलेरो ४ मीटरपेक्षा लांब होती. २०१६ मध्ये पॉवर प्लस आली, तिची लांबी ३,९९५ मिमी. २०२० मध्ये बीएस ६ च्या वेळी पुढचा चेहरा पुन्हा बदलला. त्यामुळे "बोलेरोचा पुढचा माल द्या" एवढ्यावर माल मागवू नका.

जगभर हाच अनुभव आहे. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या कूपे जुळ्या बहिणी, दोन्ही कंपन्यांनी मिळून बनवलेल्या. खालचा सांगाडा एक, पण पुढचा बंपर आणि हेडलाइट वेगळे. जुळ्यांचं हे, तर नुसत्या सारख्या नावाचं काय!

बॉडी पार्टची ऑर्डर घेताना आरसी आणि गाडी बघून या गोष्टी लिहून घ्या:

१. चेसिस नंबर पूर्ण
२. बनवल्याचा महिना आणि वर्ष
३. इंजिन आणि व्हेरिएंट
४. जुन्या पार्टवरचा पार्ट नंबर, आणि पार्टचा मागून-पुढून फोटो
५. सेन्सर, फॉग लाइट, कॅमेरा आहे का
६. आधी अपघात झालाय का? (चेसिस वाकलेला असेल तर ओरिजिनल पार्टही बसत नाही!)

दहा मिनिटांचं काम आहे. ते ११,१०० रुपये वाचवतं.

आता डिफरेन्शियल

गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग म्हणजे डिफरेन्शियल. साध्या डिफरेन्शियलचा दोष असा, की एक चाक घसरलं की सगळी फिरकी त्याच चाकाकडे जाते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत एक चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, ते यामुळेच. कूपे वळणातून जोरात बाहेर काढताना आतलं चाक हलकं होऊन असंच घसरतं. गरज वेगळी, पण दुखणं एकच.

उपाय तीन प्रकारचे:

प्लेटवाला लिमिटेड स्लिप. आत क्लच प्लेटा असतात. प्लेटा झिजतात, आणि ऑइलही त्याच कामाचं लागतं. साधं गिअर ऑइल टाकलं तर वळताना कटकट आवाज येतो.

गिअरवाला, म्हणजे टॉर्सन पद्धतीचा. प्लेटा नाहीत, आवाज नाही, टिकतो जास्त. टोयोटा ८६ मध्ये हाच येतो. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं तर याची मदत कमी होते.

लॉकर. दोन्ही चाकं एकत्र बांधतो. थारच्या काही मॉडेलमध्ये कंपनीचाच मेकॅनिकल लॉकर येतो. असे ऑटोमॅटिक लॉकर दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की लागतात. चिखलासाठी उत्तम. पण कडक डांबरी रस्त्यावर कायम बांधलेला लॉकर टायर खातो आणि अ‍ॅक्सलवर ताण देतो.

म्हणून गिऱ्हाइकाला आधी विचारा: "गाडी शेतात जास्त जाते की हायवेला?" आणि कंपनीचा लॉकर आधीच आहे का ते तपासा. आहे त्या वस्तूवर दुसरी विकणं म्हणजे गिऱ्हाईक गमावणं.

रेशो: सगळ्यात महागडी चूक

क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा रेशो. ४१ आणि १० दात असतील तर ४.१०. ४१ आणि ११ असतील तर ३.७३. फरक छोटा दिसतो ना? पण ३.७३ च्या जागी ४.१० टाकला तर त्याच वेगाला इंजिन सुमारे १० टक्के जास्त फिरतं. जिथे २,००० आरपीएम होते तिथे २,२०० होतात. ओढ वाढते, पण हायवेवर आवाज वाढतो आणि डिझेलही जास्त लागतं.

फोर बाय फोर गाडीत तर खरा धोका आहे. पुढच्या आणि मागच्या डिफरेन्शियलचा रेशो सारखाच हवा. फक्त मागचा बदलला आणि मालकानं फोर व्हील टाकली, की पुढची-मागची चाकं एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्सफर केस तुटू शकतो. सेकंडहँड मार्केटमधून "थारचाच आहे" म्हणून आणलेला डिफरेन्शियल इथेच फसवतो.

न उघडता रेशो असा तपासा. गाडी सपाट जागेवर, बाकी चाकांना ओटी, गिअर न्यूट्रल, फोर व्हील बंद. मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. ते चाक हातानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा. चार फेऱ्या आणि थोडं जास्त आलं तर रेशो ४.१० च्या आसपास. (ही पद्धत साध्या डिफरेन्शियलसाठी. लॉकर किंवा लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं उचला आणि एकत्र एकच फेरी द्या.) नक्की आकडा हवा असेल तर दात मोजा.

याशिवाय अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनचे दात, बेअरिंगचं माप, हाउसिंग आणि एबीएस सेन्सरची जागा जुळवा. क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनं घ्या, एक नवा एक जुना कधीच नाही. बसवताना शिम लावून खेळ डायल गेजनं तपासा. "हातानं अंदाज आला" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं डिफरेन्शियल महिनाभरात ओरडायला लागतं आणि गिऱ्हाईक परत तुमच्याच दारात येतं.

कायदा तुमच्याही गळ्यात येतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सुरक्षेचा महत्त्वाचा भाग म्हणून सरकारनं अधिसूचित केलेला पार्ट नियमात न बसणारा विकला, तर विकणाऱ्याला प्रत्येक पार्टमागे एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. त्यानं एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो, आणि रस्त्यावरच्या माणसालाही जास्त मार लागतो.

म्हणून "नाही, हे मी बसवणार नाही" म्हणायला शिका. एक ऑर्डर जाईल, पण दुकान राहील. त्याऐवजी कंपनीच्या मापाचा पार्ट, चांगलं ऑइल आणि नीट फिटिंग विका.

या आठवड्याचं काम

एक साधी ऑर्डर वही घाला. वरच्या सहा गोष्टी, रेशो, अ‍ॅडव्हान्सची रक्कम, "रंगवलेला माल परत नाही" ही ओळ आणि खाली गिऱ्हाइकाची सही. वही भरल्याशिवाय होलसेलवाल्याला फोन लावायचा नाही, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी नाही. तीन महिन्यांनी परत आलेल्या मालाचा हिशोब मांडा आणि आधीच्या तीन महिन्यांशी ताडून बघा. फरक तुम्हाला गल्ल्यातच दिसेल.