श्रद्धा त्यांची, साचा सर्वांचा

ख्रिस्ती धर्माने महाराष्ट्राला काय दिले, हा प्रश्न निघाला की चर्चा धर्मांतरापाशी घुटमळते. मला त्याहून खोल परिणाम दिसतो तो संस्थांच्या घडणीवर. तो घडवला बहुतांशी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनी.

मी गोंदियालगतच्या फुलचूरचा, म्हणून आधी आमच्या विदर्भातले उदाहरण घेतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. १८६३ मध्ये ते वारले, आणि वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले. गावातले पंतोजी गेले की बहुधा शाळाही संपे. मिशनचे काम मात्र एका माणसावर नव्हे, तर मंडळ, वर्गणी, पगारी शिक्षक आणि वार्षिक अहवाल यांवर उभे होते. यालाच मी संस्थेचा साचा म्हणतो.

हा साचा जोतीराव फुल्यांनी उचलला. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात स्वतःची शाळा काढली. पुढे अस्पृश्यांच्या शाळांसाठी रीतसर मंडळी स्थापली. धर्म मात्र घेतला नाही. १८७३ च्या सत्यशोधक समाजाने तर देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थच नाकारला.

साचा आणि श्रद्धा यांची खरी ओढाताण दिसते ती शारदा सदनात. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ही विधवांची शाळा काढली. पैसा अमेरिकेतून येई आणि धर्माच्या बाबतीत तटस्थतेचे आश्वासन होते. सदन पुण्यात गेल्यावर मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, असा आक्षेप आला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. लोकांची भीती निराधार नव्हती. मिशनचा हेतू धर्मप्रसार होताच. पण सदन बंद पडले असते, तर त्या विधवा जाणार कोठे होत्या?

याचे एक उत्तर धोंडो केशव कर्वे यांनी दिले. सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी त्यांनी त्याच वर्षी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापला. विधवांना निवारा व शिक्षण देण्याचे काम तेच राहिले, धर्मांतराची शंका तेवढी उरली नाही.

म्हणून संस्थेचे मोल तिच्या दारावरच्या धर्मचिन्हावरून करू नये. तेथे प्रवेश कोणाला मिळतो, आत आल्यावर मन मोकळे राहते का, आणि संस्थापकानंतर ती टिकते का, हे पाहावे. आज आपल्या गावोगावच्या शिक्षणसंस्थांनाही हेच तीन प्रश्न विचारायला हवेत.