जुनी डिझेल गाडी घेताना

सुताराला फर्निचर पोचवायचे असते. नळवाल्याला पाइप न्यायचे असतात. आपल्या मलकापूरच्या कारागिराला मोताळा, नांदुरा अशी चोहीकडे कामे मिळतात. पण नफा भाड्याच्या गाडीत जातो. मग मनात येते, आपणही एखादी जुनी डिझेल गाडी घ्यावी. २००५ साली टाटांची 'एस' ही छोटी मालगाडी निघाली. लोक तिला 'छोटा हत्ती' म्हणतात. अशा गाड्या जुन्या बाजारात मिळतात. विचार चांगला आहे. पण पैसे घामाचे असतात. म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो.

रंगाला भुलू नका. रंग काय, कालही दिला असेल! इंजिन पाहा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडून पेट घेतो. इंजिन झिजले, की हवा नीट दाबली जात नाही. अशी गाडी थंड असताना लवकर सुरू होत नाही. म्हणून सकाळीच जावे. सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा. इंजिन आधीच गरम असेल, तर थांबावे. ते थंड झाल्यावर सुरू करायला सांगावे.

मग धूर पाहावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर थांबतच नाही, म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. पुढे माल भरून गाडी चालवावी. बुलढाण्याच्या वाटेवर राजूर घाट आहे. भरली गाडी तो कसा चढते ते पाहिले, की अर्धी परीक्षा झाली.

उरलेली अर्धी कागदांची. आर.सी. बुक म्हणजे गाडीचा सातबाराच. त्यातले चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. दुसऱ्याला कशाला विचारायचं? आता आपल्याला वाचता येतं! आर.सी.वर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला मागा. विमा आणि फिटनेस यांच्या तारखा वाचा. गाडी बऱ्हाणपूरची, म्हणजे मध्य प्रदेशातली असेल, तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र हवे.

कोणी म्हणेल, "स्टॅम्पावर लिहून दिलं, झालं!" झालं कसं? अपघात झाला, तर भरपाईसाठी गाडी ज्याच्या नावावर तोच मालक धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले. म्हणजे नाव बदलणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. घेणाऱ्याचेही तसेच. विमा आपल्या नावावर नसेल, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे मागताना अडचण येते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून बुलढाण्याच्या आर.टी.ओ. कचेरीत द्यावेत. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आधी वाचा, मग सही करा, मगच पैसे मोजा.