नवी गिटार आधी ‘लावून’ घ्या!

गाण्याची पार्टी म्हटली की पेटी-ढोलकी आलीच. आता त्यांच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटारही येऊ लागली आहे. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकून आई-वडील मुलाला, मुलीला गिटार घेऊन देतात. पंधरा दिवसांत बोटे सोलतात, सूर जुळत नाही आणि गिटार माळ्यावर जाते. ‘याच्या हातात कलाच नाही’ असे म्हणून घरचे मोकळे होतात. आम्हाला एवढेच सांगायचे आहे की, मुलाला नावे ठेवण्यापूर्वी वाद्य तपासा. पुष्कळदा दोष बोटांचा नसतो, गिटार नीट लावलेली नसते.

नवी ढोलकी आपण ओढून सुरात आणल्याशिवाय कार्यक्रमात नेत नाही. मिरजेचे कारागीर जवारी काढल्याशिवाय तंबोरा गवयाच्या हाती देत नाहीत. गिटारचेही तसेच आहे. ती कारखान्यातून निघते, गोदामात पडून राहते, ट्रकमधून येते. त्यात आपला कोकणचा पाऊस! पेण असो की रोहा, पावसाळ्यात हवेत ओल भरलेली असते. लाकूड ती ओल घेते आणि गिटारची दांडी थोडी हलते.

म्हणून पहिली तपासणी दांडीची. एक तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जिथे खोक्याला मिळते त्या पडद्यावर दाबून धरा. मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यावर ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. धाटावच्या कारखान्यांत फिटरचे काम करणाऱ्यांना फिलर गेज ठाऊकच आहे, तेच येथे चालते. फट जास्त असेल तर दांडीतल्या लोखंडी सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट उजवीकडे फिरवतात. फट नसेल तर डावीकडे. एका वेळी पाव फेराच! जोर लावला तर सळई तुटते आणि खर्च वाढतो.

दुसरी गोष्ट तारांची उंची. बाराव्या पडद्यावर बारीक तार सुमारे १.५ आणि जाड तार २ मिलिमीटर उंच असावी. याहून फार वर असेल तर बोटे सोलणारच. फार खाली असेल तर तार पडद्यांना लागून झणझणते. शिकणाऱ्याने ९ नंबरचा बारीक संच लावावा, तो दाबायला हलका पडतो.

तिसरी गोष्ट सुराची. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तो ३२४ वर येतो. पण दाबल्यावर तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून घोडीवरचे खोगीर थोडे मागे असावे लागते. मोकळी तार मोबाईलमधल्या ट्यूनरवर लावा, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. सूर चढा आला तर खोगीर मागे, उतरता आला तर पुढे सरकवा. हे काम नव्या तारांवरच करावे, गंजलेली तार खरा सूर देत नाही.

हे जमणार नसेल तर विकत घेतानाच दुकानदाराला ‘सेटिंग करून द्या’ असे स्पष्ट सांगावे आणि त्याचे पैसे गिटारच्या किमतीतच धरावेत. पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर एकदा पुन्हा तपासावे. ओल्या भिंतीला गिटार टेकवू नये, वाजवून झाल्यावर तारा सुती कापडाने पुसाव्यात.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थची पिन काढून प्लग खोचला आणि कुठे बिघाड झाला, तर एका हातात तारा आणि दुसऱ्या हातात माईक घेणाऱ्याच्या अंगातून वीज जाते. वेल्समधील स्वॉन्सी शहरात ३ मे १९७२ रोजी ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच मंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्यामुळे जयंतीचा कार्यक्रम असो की लग्नाचा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि वीज गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवा.

घामाच्या पैशाने आणलेले वाद्य माळ्यावर जाऊ नये. आधी ते लावा, मग मुलांचा हात पारखा!