योनीमार्गातली गाठ: निदान कसं होतं?

पाळी बंद होऊन वर्षं लोटल्यावर डाग दिसतो, संबंधांनंतर रक्त जातं किंवा घाण वासाचं पाणी जात राहतं. अनेक बायका हे संकोचापोटी अंगावर काढतात. बहुतेकींचं कारण साधं निघतं, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. योनीमार्गातच सुरू होणारा कॅन्सर स्त्रीच्या जननेंद्रियांच्या सगळ्या कॅन्सरांत जेमतेम १ ते २ टक्के असतो. म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

पहिली पायरी डोळ्यांची आणि बोटांची. योनीमार्ग उघडा धरणारा स्पेक्युलम घातला की योनीमार्गाची पुढची आणि मागची भिंत त्याच्या पात्यांखाली झाकली जाते. त्यामुळे तो हळूहळू फिरवत बाहेर काढून प्रत्येक भिंत पाहावी लागते. अस्तराखालची गाठ दिसत नाही, ती बोटांना लागते. मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी: आयोडीन लावल्यावर निरोगी पेशी गडद तपकिरी होतात, संशयास्पद जागा फिकी राहते. पाळी गेलेल्या स्त्रीत निरोगी अस्तरही फिकं राहू शकतं, म्हणून केवळ रंगावर निकाल देता येत नाही.

निकाल देतो तो तुकडा, म्हणजे बायोप्सी. तो फॉर्मालिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. योनीमार्गातच सुरू झालेल्या कॅन्सरच्या बहुतेक गाठी स्क्वेमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच एचपीव्ही विषाणूशी निगडित. पेशी ओळखू येत नसतील तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली प्रथिनं ओळखणारी तपासणी करतात. मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, कधी कधी बिनरंगाचा असतो. एस-१०० आणि सॉक्स-१० ही प्रथिनं त्याचा पत्ता देतात. लहान मुलीच्या योनीमार्गातून द्राक्षांच्या घोसासारखी गाठ डोकावली तर स्नायूंच्या सार्कोमाची शंका घेतात; तिथे डेस्मिन आणि मायोजेनिन तपासतात. लहान मुलीची तपासणी सहसा भूल देऊन करतात.

पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: गाठ मूळची कुठली? योनीमार्गात सापडणाऱ्या बहुतेक कॅन्सरच्या गाठी गर्भाशयमुख, गर्भाशय, आतडं किंवा मूत्राशयाकडून आलेल्या असतात. गाठ गर्भाशयमुखाला भिडली असेल तर ती गर्भाशयमुखाची धरतात, बाहेरच्या योनिओठांना भिडली असेल तर त्यांची. उपचार त्यावर ठरतात. एमआरआय गाठीची खोली दाखवतं. गाठ वरच्या भागात असेल तर ओटीपोटातल्या, खालच्या भागात असेल तर जांघेतल्या लसिकाग्रंथी विशेष बारकाईनं तपासतात.

निदानात रुग्णाचा इतिहासही बोलतो. १९७१ साली बॉस्टनच्या आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी योनीमार्गाचा अॅडिनोकार्सिनोमा झालेल्या ८ तरुण मुलींचा अभ्यास मांडला. त्यांपैकी ७ जणींच्या आईनं गरोदरपणात डीईएस हे कृत्रिम संप्रेरक घेतलं होतं. एका आईनंच विचारलेल्या प्रश्नातून कारणाचा माग लागला.

दुर्मिळ गाठीचं नाव चुकलं तर उपचारही चुकतात. म्हणून रिपोर्टसोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, जपून ठेवा. टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर केंद्रात त्यांची फेरतपासणी होऊ शकते. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.