फोटो होमाईंचे, नावही होमाईंचंच

२०१० साली दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. होमाई म्हणजे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून दिल्लीत हिंडायच्या. कबुतर सोडणाऱ्या नेहरूंचा तो प्रसिद्ध फोटो त्यांचाच. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने! (आमच्या बचत गटातही पापड लाटते बायको आणि पाकिटावर नाव ‘ह्यांचं’. विचारलं तर म्हणते, “असू द्या हो ताई, नाव घरातलंच आहे ना!”) १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा ठेवून दिला. त्यानंतर ४० वर्षांनी एवढ्या मोठ्या संग्रहालयाच्या भिंतींवर त्यांचे फोटो लागले, त्यांच्याच नावाने. तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या.