सात वेळा दारात

रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा शिकलेली नर्स गावोगावी नेमावी असा त्यांचा पहिला बेत होता. तो फसला. परक्या गावात राहणे नर्सबाईला जड जाई आणि बायका तिच्यापाशी मन मोकळे करत नसत. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, अनेकजणी दलित वस्तीतल्या. जामखेडला येऊन त्या शिकत आणि परतल्यावर शेजारणीला सांगत. जुलाब लागलेल्या बाळाचे पाणी तोडू नका, मीठ-साखरेचे पाणी पाजत राहा, हे शेजारणीच्या तोंडून आले की सासूलाही पटे. नर्सकडे मग या बायकांना शिकवण्याचे आणि अवघड प्रसंगी त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम आले.

याच वाटेने गडचिरोलीत अभय आणि राणी बंग बरेच पुढे गेले. त्यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरोघर नोंद घेतली. पहिल्या वर्षातल्या ७६३ बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती; डॉक्टरांपर्यंत पोचलेली बाळे शेकडा तीनही नव्हती. बाळंतीण खोलीबाहेर पडत नसे, आणि दवाखाना दूर. तेव्हा उपचारानेच खोलीत जायला हवे होते.

ते काम आरोग्यदूत बायकांनी केले. शिक्षण पाचवी ते दहावी. बाळाचे वजन करायचे, ताप मोजायचा, त्याला उबेत गुंडाळायचे, दूध नीट ओढते का पाहायचे. जन्मल्यावर रडले नाही तर मास्कने श्वास द्यायचा. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्याच देत. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई देणे हा या प्रयोगातला सगळ्यात धाडसी निर्णय होता, आणि तोच सगळ्यात न्याय्य होता असे म्हणायला हवे.

बंग दांपत्याच्याच बालन्यूमोनियाच्या कामात फारसे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी केलेले साधनही असेच नेमके होते. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या: एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दर दहा श्वासांना एक हिरवा मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, की खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे.

नवजात बाळांच्या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी ती संख्या २५वर आली होती. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत मात्र ती साठच्या आसपासच राहिली.

पुढे २०११पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा वेळा जायचे, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. इंजेक्शनची मुभा मात्र या सरसकट घरभेटींत आली नाही.

मूल वाढते तशी ही पावले विरळ होतात. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले येतात. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाते आणि शाळेत एकदाच. हृदयाला जन्मतः छिद्र किंवा फाटलेला ओठ असा दोष त्या एका दिवसात सापडतो. पण तेरा वर्षांची मुलगी पाळी अंगावर फार जाते म्हणून महिन्यातून चार दिवस घरी राहत असेल, तर ते कुणाला कळणार? अनोळखी पथकासमोर ती बोलणार नाही. आठवड्याची लोहाची निळी गोळीसुद्धा मळमळते म्हणून कितीतरी मुली टाळतात. जेवणानंतर घे, पोटाला बरे वाटेल, एवढेच सांगणारे कुणीतरी ओळखीचे हवे असते.

राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून मुलामुलींशी शरीराबद्दल उघड बोलायला सुरुवात केली ती याच गरजेतून. २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने गावातल्याच मुलामुलींमधून समवयस्कांशी बोलणारे 'साथिया' निवडायचे ठरवले, म्हणजे जामखेडचाच धडा पुन्हा गिरवला. पण जामखेडच्या बायका शिकायला वरचेवर जात आणि अडले की विचारायला त्यांना हक्काची जागा होती. पंधरा-सोळा वर्षांच्या साथियालाही तेवढाच आधार मिळायला हवा. उपकेंद्रातल्या सिस्टरच्या वेळापत्रकात बाळांच्या लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. या मुलांसाठीही तसाच एक दिवस त्यात पक्का लिहिला गेला पाहिजे.